विश्लेषण : काटा सांगतो ‘सगळे ठीक’, तरीही पिस्टन वितळतो… नायट्रसच्या गाडीचे ट्युनिंग नेमके होते कसे?

‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या २००१ च्या चित्रपटात नायक नायट्रसचे बटण दाबतो, गाडी उसळते आणि शेजारच्या लॅपटॉपवर ‘मॅनिफोल्डला धोका’ अशी लाल सूचना झळकते. या सूचनेची जगभरच्या मेकॅनिकनी आजवर यथेच्छ थट्टा केली आहे. कारण खऱ्या गाडीत धोक्याची सूचना इतकी ठळक आणि वेळेवर मिळत नाही. ती डॅशबोर्डवरच्या दोन-तीन काट्यांत विखुरलेली असते, आणि उरलेली स्पार्क प्लगच्या टोकावर, भिंगातून पाहिले तरच दिसेल अशी. काट्यांनी एक सांगितले आणि प्लगने दुसरे, तर ऐकायचे कोणाचे, यावर इंजिन वाचणार की जाणार हे ठरते.

नायट्रसने ताकद वाढते कशी?

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, हा पहिला गैरसमज दूर करायला हवा. भूल देताना वापरतात तोच हा ‘लाफिंग गॅस’. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. जास्त ऑक्सिजन म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाळण्याची सोय. शिवाय द्रव नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो. त्यामुळे इंजिनात शिरताना तो हवा थंड आणि दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उंचावरच्या विरळ हवेत विमानांची ताकद टिकवण्यासाठी ‘जीएम-१’ या नावाने हीच युक्ती वापरली होती. अमेरिकेत १९७८ साली ‘एनओएस’ ही कंपनी सुरू झाली आणि ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर, म्हणजे पाव मैलाच्या ४०२ मीटर सरळ धावेत, नायट्रस घरोघरच्या गॅरेजपर्यंत पोहोचला.

पेच असा, की वाढीव ऑक्सिजनसोबत वाढीव पेट्रोल पोहोचलेच पाहिजे. ‘वेट’ प्रकारच्या किटमध्ये बटण दाबताच दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह एकदम उघडतात. एक नायट्रसचा, दुसरा पेट्रोलचा. किती सोडायचे हे बारीक भोकाच्या पितळी जेटवर ठरते. नायट्रस पोहोचला आणि पेट्रोल कमी पडले, की मिश्रण ‘लीन’ होते. मग ज्वाला शांतपणे पसरण्याऐवजी मिश्रण कोपऱ्याकोपऱ्यात स्फोटासारखे पेटते. यालाच डेटोनेशन म्हणतात. साध्या गाडीत चढावर ‘टकटक’ ऐकू आली की चालक गिअर उतरवतो. नायट्रसच्या गाडीत ती टकटक एक्झॉस्टच्या गडगडाटात ऐकू येत नाही, आणि काही सेकंदांत पिस्टनची कड जाऊ शकते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. सिलिंडरमधली ज्वाला त्याच्या कितीतरी पुढे असते. पिस्टन टिकतो तो केवळ त्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या वायूच्या पातळ थरामुळे, आणि डेटोनेशन नेमका तोच थर उडवून लावते.

बाटलीचे गेज काय सांगते आणि काय लपवते?

गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय दाब असतो. नायट्रसच्या बाटलीत तो ९०० च्या आसपास हवा असतो. बहुतेक किट ९०० ते ९५० पीएसआय गृहीत धरून जुळवलेले असतात. हा दाब पंपाने भरलेला नसतो, तो तापमानातून येतो. बाटलीत द्रव आणि त्यावर त्याचीच वाफ असते. २१ अंशांना दाब सुमारे ७६० पीएसआय, २७ अंशांना ८६५, ३२ अंशांना ९८५. म्हणजे सकाळी थंड पट्टीवर जुळवलेली गाडी दुपारी जशीच्या तशी पळवली, तर पेट्रोल तेवढेच राहते आणि नायट्रसचे प्रमाण बदलते. त्यासाठीच बाटलीभोवती थर्मोस्टॅटचे हीटर गुंडाळतात आणि धावेपूर्वी दर वेळी दाब एकाच आकड्यावर आणतात. ट्युनिंगची अर्धी शिस्त इथेच आहे. दाब रोज वेगळा असेल, तर त्यापुढच्या एकाही निरीक्षणाला अर्थ उरत नाही.

या गेजच्या दोन खोड्या आहेत. पहिली आपल्याकडच्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. घरच्या गॅसच्या टाकीत शेवटचा थेंब असेपर्यंत शेगडी नेहमीसारखीच पेटते आणि नेमका पाहुणे आल्यावर गॅस संपतो. नायट्रसचेही तसेच. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तोच दिसतो, बाटली पाऊण भरलेली असो वा पाव. किती उरले हे कळायला ती काट्यावर तोलावीच लागते. नेहमीच्या वापरातल्या बाटलीत १० पौंड, म्हणजे साडेचार किलो नायट्रस मावतो.

दुसरी खोडी उष्ण प्रदेशात महत्त्वाची. ३६.४ अंश हे नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान आहे. त्याच्या वर आत ‘द्रव’ आणि ‘वाफ’ असा भेदच राहत नाही. दाब वाढलेला दिसतो, पण त्याआधीच द्रव पातळ होऊ लागलेला असतो. त्यामुळे दाब वाढला म्हणजे तेवढ्या पटीत नायट्रस जास्त गेला, असे गणित बसत नाही. अमेरिकी माहितीपत्रकांत हा मुद्दा एखाद्या ओळीत संपतो. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्यात बंद गाडीच्या डिकीत मात्र तो रोजचा असेल. अशा ठिकाणी हीटरपेक्षा बाटलीवर ओला कपडा आणि सावली उपयोगी. बाटलीला सुरक्षा चकती असते. ती फुटली तर वायू गाडीच्या आत नव्हे, बाहेर जावा म्हणून वेगळी नळी काढावी लागते.

पेट्रोलचा दाब : सर्वांत दुर्लक्षित काटा

नायट्रसने जळालेल्या इंजिनांच्या कहाण्या चाळल्या, तर खलनायक बहुतेक वेळा नायट्रस नसतोच. तो असतो कमी पडलेला पेट्रोल पंप. उभ्या गाडीत दाब बरोबर दिसतो, कारण तेव्हा पेट्रोल वाहतच नसते. नळ बंद असताना टाकीच्या पाइपात पूर्ण दाब असतो आणि घरातले तीन नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून दाब मोजायचा तो पेट्रोल जेटमधून प्रत्यक्ष वाहत असताना. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा दाब ५-७ पीएसआय एवढाच असतो. तिथे एक पीएसआय घसरला तरी पेट्रोलात मोठी तूट येते. चांगल्या जोडणीत दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच असतो. सगळ्या किटमधला हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग, आणि पैसे वाचवताना सर्वांत आधी हाच वगळला जातो.

वाइडबँड मीटर १२ दाखवत असेल तर मिश्रण १२ असते का?

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकदीच्या वेळी मिश्रण त्याहून ‘रिच’ ठेवतात. नायट्रस चालू असताना वाइडबँड मीटरवर साधारण ११.५ ते १२.५ असा आकडा ठेवण्याचा प्रघात आहे. (कंपनीतून येणारा जुना ऑक्सिजन सेन्सर इथे निरुपयोगी. तो फक्त १४.७ च्या आजूबाजूला नीट बोलतो.)

आता गणित. व्ही-८ इंजिनाच्या एका बाजूला चार सिलिंडर, चौघांचा धूर एकाच पाइपात, आणि त्यात एक सेन्सर. तीन सिलिंडर ११.५ वर चालले आहेत, चौथा १३.५ वर. सरासरी येते बरोबर १२. काटा १२ वर स्थिर, चालक खूश. प्रत्यक्षात एकही सिलिंडर १२ वर नाही, आणि चौथा मरणाच्या वाटेवर आहे. वर्गाची सरासरी चांगली म्हणून प्रत्येक विद्यार्थी पास होत नाही.

हे केवळ कागदावरचे उदाहरण नाही. १९५५ साली आलेले शेव्हरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ हे अमेरिकी ड्रॅग रेसिंगमधले सर्वांत परिचित इंजिन. त्यात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. ५ आणि ७ हे सख्खे शेजारी आणि ते लागोपाठ पेटतात. त्यामुळे पाचव्याने ओढ घेतल्यावर सातव्याच्या वाट्याला कमी येते, आणि शेजाऱ्याची उष्णताही सोसावी लागते. ‘सात नंबर आधी बघ’ हा सल्ला तिथल्या गॅरेजमध्ये त्यामुळेच रूढ आहे. वरून फवारा मारणाऱ्या नायट्रस प्लेटमध्ये ही विषमता आणखी वाढू शकते, कारण हवा वळणावर सहज वळते, पण पेट्रोलचे थेंब जड असल्याने सरळ जाऊन भिंतीवर आदळतात.

सेन्सरची आणखी एक फसगत याहून वाईट आहे. तो पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि मीटर सांगते ‘लीन’. मिश्रण अति रिच झाल्याने ठिणगी विझत असेल, तर काटा नेमका उलटा दाखवतो. चालक आणखी पेट्रोल वाढवतो, ठिणगी आणखी विझते. वेट किटमध्ये हे पेट्रोल इनटेकमध्ये साचून तिथेच पेटण्याचा धोका असतो. म्हणूनच साधारण ३ हजार आरपीएमच्या खाली नायट्रस उघडूच न देणारा स्विच लावतात.

एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा काटाही असाच चकवतो. मिश्रण लीन होऊ लागले की तापमान चढते, हे खरे. पण ठिणगी उशिरा दिली तरीही ते चढते. डेटोनेशन सुरू झाले, तर उष्णता धुराऐवजी पिस्टन आणि हेडमध्ये घुसते आणि तापमान चक्क उतरते. काटा खाली आला म्हणून सुस्कारा सोडावा, तो नेमका चुकीच्या क्षणी.

मग स्पार्क प्लग काय सांगतो?

प्रत्येक सिलिंडरच्या आत बसलेला साक्षीदार एकच, त्याचा स्वतःचा प्लग. ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. बजाज स्कूटरच्या जमान्यात प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून, ‘मिक्श्चर जास्त आहे, काळा पडलाय’ असे निदान पानटपरीवरही होत असे. पण त्या काळातला मुख्य नियम, म्हणजे प्लग विटकरी-तपकिरी दिसला की इंजिन ठणठणीत, आज दिशाभूल करतो. तो रंग मोठ्या प्रमाणात पेट्रोलमधल्या शिशाच्या संयुगांचा आणि सोबतच्या रसायनांचा होता. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद झाले, भारतात २००० पासून. शिसेविरहित पेट्रोलवर नीट चाललेला नवा प्लग एका धावेनंतर जवळपास पांढराच दिसतो. नवशिका त्याला ‘लीन’ समजतो आणि विनाकारण पेट्रोल वाढवत जातो.

म्हणून आजचे ट्युनर रंगापेक्षा जागा पाहतात. प्लगवर तीन ठिकाणे वाचायची असतात.

ठिणगीच्या वर वाकलेली धातूची पट्टी टायमिंग सांगते. पट्टीचे टोक सर्वांत तापते, मूळ त्या मानाने थंड राहते. ठरावीक तापमानाला धातूचा रंग बदलतो आणि पट्टीवर एक सीमारेषा दिसते. ती पट्टीच्या वळणावर असेल तर टायमिंग योग्य. टोकाकडे असेल तर ठिणगी उशिरा पडते आहे, अजून वाव आहे. रेषा मुळाकडे सरकली असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे आणि पुढची धाव त्याच टायमिंगवर काढू नये. नायट्रसमुळे मिश्रण वेगाने जळते, त्यामुळे ठिणगी उशिरा द्यावी लागते. रूढ हिशेब दर ५० अश्वशक्तीमागे २ अंशांचा. एरवी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या ३४ अंश आधी ठिणगी देणारे इंजिन १०० अश्वशक्तीच्या नायट्रसवर ३० अंशांपासून सुरुवात करेल. हा केवळ आरंभबिंदू. पुढचे पट्टीवरची रेषा ठरवते.

पांढऱ्या सिरॅमिकच्या अगदी तळाशी, जिथे ते धातूच्या कवचात नाहीसे होते, तिथे काजळीचे एक बारीक कडे उमटते. पूर्ण थ्रॉटलवरच्या मिश्रणाचा हिशेब इथे सापडतो. कडे अजिबात नसेल तर पेट्रोल कमी, ते वर चढत आले असेल तर जास्त. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. प्रकाश असलेले भिंग लागते, काही जण तर प्लगचे कवच कापून आत पाहतात.

आणि आटे. ज्वालेकडच्या टोकापासून किती आट्यांचा रंग उडाला, यावरून प्लगची उष्णता-श्रेणी कळते. एक-दोन आटे ठीक. त्याहून जास्त असतील तर प्लग फार तापतो आहे आणि ठिणगीआधीच निखाऱ्यासारखा मिश्रण पेटवू शकतो. मग ‘कोल्ड’ प्लग हवा. खरेदी करताना एक काळजी : एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये याच्या उलट.

या तिन्हींच्या आधी मात्र सिरॅमिकवर ठिपके आहेत का ते पाहायचे. मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे डेटोनेशनची सुरुवात. चांदीसारखे चमकणारे बारीक गोळे दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. त्या क्षणी त्या दिवसाचे काम थांबते.

हे वाचन कधी खरे ठरते?

प्लग नवा हवा आणि त्याने एकच पूर्ण धाव पाहिलेली हवी. धाव संपताच, थ्रॉटल पूर्ण असतानाच, इग्निशन आणि नायट्रस एकदम बंद करून क्लच दाबायचा आणि गाडी तशीच घरंगळू द्यायची. ढकलत परत आणावी लागली तरी हरकत नाही. इंजिन चालू ठेवून पिटपर्यंत आणले, तर त्या दोन मिनिटांच्या आयडलिंगची काजळी आधीचा सगळा मजकूर पुसून टाकते. नंतर सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि बाटलीचा दाब, हवेचे तापमान, जेटचा आकडा, टायमिंग हे सगळे वहीत लिहायचे. बदल एका वेळी एकच करायचा. नाही तर कशामुळे काय झाले हे कळत नाही.

बहुतेक नुकसान घाईत होते. पहिल्या धावेत गाडी ५० अश्वशक्तीवर छान पळाली की दुसऱ्यातच १५० चे जेट बसवण्याचा मोह होतो, आणि मधले आठ प्लग कोणी काढून पाहिलेले नसतात. गरम इंजिनातून आठ प्लग काढणे कंटाळवाणे आणि हात भाजणारे काम आहे. डिजिटल आकडा समोर लुकलुकत असताना ते टाळावेसे वाटणे साहजिक आहे.

काटा आणि प्लग यांच्यात मतभेद झाला तर?

दोघांचे काम वेगळे आहे. काटा काळ सांगतो, प्लग ठिकाण सांगतो. धावेच्या कोणत्या क्षणी पेट्रोलचा दाब कोसळला हे प्लग कधीच सांगू शकणार नाही. त्यासाठी डेटा लॉगर हवा. कोणता सिलिंडर अडचणीत आहे हे एका सेन्सरचा काटा सांगू शकणार नाही. काटा १२ आणि सात नंबरच्या प्लगवर ठिपके, असे दिसले तर अनुभवी ट्युनर प्लगचे ऐकतो. आधी नायट्रसचे जेट लहान करतो किंवा टायमिंग मागे घेतो, मग विषमतेचे कारण शोधतो. उलट काटा ‘लीन’ आणि सगळे प्लग काळे, ओले असतील, तर पेट्रोलला हात न लावता ठिणगी तपासतो. नायट्रसखाली सिलिंडरमधला दाब इतका वाढतो की नेहमीच्या फटीवर ठिणगी विझू शकते. त्यामुळे १ मिलिमीटरच्या आसपासची फट पाऊण मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही कमी करतात.

आपल्याकडे हे चालते का?

ड्रॅग रेसिंग भारतात आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या स्पर्धेत अशा गाड्या धावल्या आहेत. रस्त्यावरची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचे फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

बाटलीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. दाबाखालच्या वायूच्या टाक्या ‘गॅस सिलिंडर नियम २०१६’ खाली येतात आणि त्यांची देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरातच आहे. अमेरिकेत गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मुद्दाम मिसळतात, म्हणजे कोणी नशेसाठी तो हुंगू नये. रुग्णालयातला नायट्रस शुद्ध असतो. तो तिथून काढून गाडीच्या बाटलीत भरण्याच्या ‘जुगाडा’त कायद्याइतकाच धोका भरण्याच्या क्रियेचा आहे. बाटली वजन करून ठरलेल्या मर्यादेपर्यंतच भरायची असते. ती काठोकाठ भरली, तर ऊन चढल्यावर प्रसरण पावणाऱ्या द्रवाला जागा उरत नाही.